ऐकावे कानाने, लिहावे आकड्यांत



भजनाला बसलेली मंडळी पेटीवाल्याला सूर कसा सांगतात, ते आपण ऐकलेच असेल. 'काळी एक धर' म्हणतात, नाहीतर 'पांढरी चारमध्ये होऊ दे' म्हणतात. सुराची कंपने मोजून कोणी सांगत नाही. बोट कुठे ठेवायचे तेवढे सांगतात, आणि बोट तिथे पडले की सूर आपोआप उमटतो. आपल्या आजच्या विषयाचे बी या बोलण्यातच आहे. सूर न सांगता सुराची जागा सांगायची, ही युक्ती पश्चिमेकडच्या वादकांनी फार पूर्वी कागदावर उतरवली. तिला टॅब्लेचर म्हणतात. गिटार वाजवणारी मुले नुसते 'टॅब' म्हणतात. एखादे जुने, गाजलेले रॉक गाणे केवळ ध्वनिमुद्रण ऐकून टॅबमध्ये कसे लिहून काढतात, त्यात कान कुठे फसतो, आणि लिहिणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी गिटार डोळ्यांपुढे आणा. तिला सहा तारा असतात. सगळ्यांत जाड तार सगळ्यांत खालच्या सुराची, आणि सगळ्यांत बारीक तार वरच्या सुराची. लांब दांडीवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. सतारीप्रमाणे त्यांना आपण पडदे म्हणू. एकेक पडदा पुढे गेले की सूर अर्ध्या पायरीने चढतो, म्हणजे पेटीवर काळी-पांढरी कोणतीही न गाळता शेजारच्या पट्टीवर जावे तसा. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी बरोबर निम्मी होते आणि तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू येतो.

आता कागदावर सहा आडव्या रेघा ओढा. एकेक रेघ म्हणजे एकेक तार. वरची रेघ बारीक तारेची, खालची जाड तारेची. गिटार हातात धरली की जाड तार वर येते, कागदावर मात्र ती खाली. हे उलटेपण दोन दिवसांत सवयीचे होते. मग ज्या तारेवर बोट ठेवायचे तिच्या रेघेवर पडद्याचा आकडा लिहायचा. तीन लिहिले तर तिसरा पडदा, पाच लिहिले तर पाचवा. शून्य लिहिले तर बोट न ठेवता तार मोकळी छेडायची. आकडे एकाखाली एक आले तर त्या तारा एकदम, आणि एकापुढे एक आले तर एकामागून एक. झाले टॅब्लेचर! ज्याला आकडे वाचता येतात त्याला ते वाचता येते.

ही युक्ती रॉकवाल्यांनी काढली असे मात्र समजू नका. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची नावाच्या मुद्रकाने फ्रान्चेस्को स्पिनाचिनो या वादकाची पुस्तके छापली. ल्यूट नावाच्या तंतुवाद्यासाठी आकड्यांत लिहिलेले संगीत त्यांत होते. १५३६ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात लुईस दे मिलान याचे पुस्तक निघाले, आणि त्यात बारीक तारेची रेघ वर होती, अगदी आजच्या गिटारच्या टॅबप्रमाणे. शिक्षक मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट आणखी सांगतो. दुर्बीण आकाशाकडे वळवणारा गॅलिलिओ आपण मुलांना शिकवतो. त्याचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिलेई हे ल्यूटवादक होते. १५६८ साली त्यांनी 'फ्रोनिमो' नावाचा ग्रंथ लिहिला. अनेक गळ्यांनी मिळून गायची गीते ल्यूटच्या टॅब्लेचरमध्ये कशी उतरवावीत, हाच त्याचा विषय! म्हणजे आज एखादा मुलगा कानाला यंत्र लावून जे करतो, त्यावर साडेचारशे वर्षांपूर्वी शास्त्रोक्त ग्रंथ झालेला आहे.

आता नमुन्यादाखल एकच गाणे घेऊ. इंग्लंडच्या 'डीप पर्पल' या वाद्यवृंदाचे 'स्मोक ऑन द वॉटर'. १९७१ च्या डिसेंबरात हे पाच जण ध्वनिमुद्रणासाठी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो या गावी आले होते. तिथल्या कॅसिनोच्या इमारतीत काम करायचे ठरले होते. पण ४ डिसेंबरला तिथे फ्रँक झॅपा यांच्या वृंदाचा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांपैकी कोणीतरी शोभेचा बार उडवला, इमारतीने पेट घेतला आणि ती जळून गेली. सरोवरावर पसरलेला तो धूर या पाच जणांनी पाहिला, आणि त्याचेच गाणे झाले. पुढे दुसऱ्या जागा शोधत त्यांनी काम पुरे केले, आणि १९७२ साली 'मशीन हेड' या तबकडीत ते गाणे बाहेर पडले.

या गाण्याच्या आरंभी रिची ब्लॅकमोर यांच्या गिटारवर एक लहानसा तुकडा येतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरतो. अशा तुकड्याला तिकडे 'रिफ' म्हणतात. आपल्या मुखड्याचा हा लांबचा भाऊ समजा. जगभर नव्याने गिटार हाती घेणारी कितीतरी मुले पहिल्या महिन्यातच हा तुकडा वाजवू पाहतात. इतका तो सोपा आहे. आणि तरी त्यांतली पुष्कळ मुले तो चुकीचा वाजवतात, कारण चुकीचा लिहिलेला कागद त्यांच्या हाती पडलेला असतो. सोप्या गोष्टीत चूक कशी होते, ते पाहण्यासारखे आहे.

लिहिणारा प्रथम सूर शोधतो. या तुकड्यात तो फार वेळ जात नाही, कारण आरंभी गिटार एकटीच वाजते. ऑर्गन, ढोल आणि जाड तारांची बेस गिटार मागाहून येऊन मिळतात. आपल्या भाषेत सांगायचे तर वरच्या ओळीत चारच सूर आहेत: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, आणि एकदाच ओझरता डोकावणारा तीव्र मध्यम. पेटीवर बसलेला कोणीही जाणकार पाच मिनिटांत हे काढील.

पण कान देऊन ऐका. प्रत्येक ठोक्याला एक सूर नाही, दोन सूर एकदम वाजताहेत. वर षड्ज आहे, तर त्याच्या खाली मंद्र पंचम आहे. दोघांत अंतर चार सुरांचे, म्हणजे 'सा'पासून 'म'पर्यंत असते तेवढे. सगळा तुकडा अशा जोडीजोडीनेच चालतो. पुष्कळ लोक इथे खालचा सूर षड्ज आणि त्यावर पंचम, अशी जोडी लिहितात. नावे तीच, सा आणि प. पण वरचा खाली गेला आणि खालचा वर आला. जोडप्याची नावे बरोबर, पण कोण कोणत्या बाजूला बसले आहे ते चुकले! ऐकायला ते बरेचसे जुळते, म्हणून चूक लक्षात येत नाही. मूळचा टोकदार, किंचित अधांतरी नाद जातो आणि त्या जागी भरभक्कम पण बोजड नाद येतो.

कान असा का फसतो, याला एक शास्त्रीय कारणही आहे. विजेच्या गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये मुद्दाम चढवून खरखरीत केलेला असतो. अशा वेळी दोन सुरांच्या कंपनांमधल्या फरकाइतका एक तिसरा, खालचा सूर यंत्रातच तयार होतो. इथे वरचा सूर सेकंदाला १९६ कंपनांचा आणि खालचा सुमारे १४७ कंपनांचा आहे. वजाबाकी करा: ४९. हा आला षड्जच, पण दोन सप्तके खालचा! कोणी तो वाजवलेला नाही, तरी तो ऐकू येतो. मग ऐकणाऱ्याला वाटते की षड्ज तळाशी आहे, जाड तारेवर आहे. आणि तो तसे लिहून मोकळा होतो. यंत्राने घातलेली भर कोणती आणि बोटाने वाजवलेले कोणते, हे निवडणे ही लिहिणाऱ्याची पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा जागेची. गिटारवर एकच सूर अनेक घरी राहतो. बारीक तार मोकळी छेडली की जो सूर येतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर मिळतो, तिसरीच्या नवव्यावर, चौथीच्या चौदाव्यावर आणि पाचवीच्या एकोणिसाव्यावरही. सूर एक, पत्ते पाच. पण पाचही घरी त्याचा आवाज सारखा नसतो. बारीक तारेवर तो लखलखीत, जाड तारेवर जरा घोगरा आणि गोलसर. मोकळ्या तारेचा नाद रेंगाळतो. बोटाने दाबलेल्या तारेचा, बोट उचलताच तुटतो. आपल्या स्वरलिपीत हा प्रश्नच येत नाही. सा लिहिला की काम झाले, तो कुठे वाजवायचा हे वादकाचे वादक पाहील. टॅबला मात्र पत्ता द्यावाच लागतो, आणि चुकीचा पत्ता दिला की पत्र दुसऱ्याच दारात पडते.

आपल्या रिफची जोडी अशीच दोन ठिकाणी सापडते. मधल्या दोन तारांवर, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर, ती मोकळी तार, तिसरा, पाचवा आणि सहावा पडदा एवढ्या जागांत बसते. चौथ्या आणि पाचव्या तारेवर तीच पाचवा, आठवा, दहावा आणि अकरावा पडदा अशी बसते. कंपने तीच. चांगल्या प्रतींत बहुधा पहिली जागा दिलेली आढळते. मनात शंका आली की दोन्ही ठिकाणी वाजवून पाहावे आणि ध्वनिमुद्रणाशी ताडावे. कलाकाराच्या कार्यक्रमाचे चित्रण मिळाले तर त्याच्या डाव्या हाताकडे पाहावे. आणि तेवढ्यावर न थांबता उजव्या हाताकडेही पाहावे! ब्लॅकमोर या दोन तारा पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या चकतीने, छेडत नाहीत. बोटांनी एकदम उचलतात. चकती एका तारेवरून दुसरीवर जाते, त्यात क्षणाचा अंश का होईना, पुढेमागे होते. बोटांनी उचललेले दोन सूर एका क्षणी सुटतात, ऑर्गनच्या दोन पट्ट्या एकदम दाबाव्यात तसे. आकड्यांत हे कुठेच उमटत नाही. म्हणून चांगला लिहिणारा आकड्यांच्या वर एक ओळ शब्दांत लिहितो: 'बोटांनी, दोन्ही तारा एकदम.'

तिसरी परीक्षा लयीची. टॅबचे आकडे जागा सांगतात, पण वेळ सांगत नाहीत. आमच्या कॉलेजातली मुले कधी कधी छापलेला टॅब घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, आकडे सगळे बरोबर वाजवतोय, पण गाणं काही होत नाही." होणार कसे? हा रिफ सोळा मात्रांचा आहे. लांबीने आपल्या त्रितालाच्या एका आवर्तनाएवढा. त्यात ठोके बाराच, आधी तीन, मग चार, मग पाच. त्यांतले काही बरोबर मात्रेवर पडतात आणि काही दोन मात्रांच्या मधल्या फटीत. त्या फटीतल्या ठोक्यांमुळेच तुकड्याला ती ओढ येते. सगळे ठोके मात्रेवर आणून बसवले तर गाणे कवायतीसारखे वाटते. म्हणून आकड्यांखाली 'एक नि, दोन नि, तीन नि, चार नि' असे मोजमाप लिहावे आणि कोणता आकडा 'एक'खाली येतो व कोणता 'नि'खाली, ते दाखवावे. आणि गप्प बसायच्या जागाही मोजाव्यात. न वाजवलेली मात्रा हीसुद्धा गाण्याचाच भाग असते.

आता प्रत्यक्ष कामाची रीत थोडक्यात सांगतो.

पहिल्यांदा वाद्याला हात न लावता गाणे चार-पाच वेळा पुरते ऐकावे आणि त्याचे भाग पाडावेत: आरंभ, कडवे, ध्रुपद, मधले वादन. मग आपली गिटार ध्वनिमुद्रणाशी मिळवून घ्यावी. सगळे कलाकार ठरलेल्या पट्टीतच तारा लावतात असे नाही. जिमी हेंड्रिक्स याच्या अनेक ध्वनिमुद्रणांत गिटार अर्ध्या सुराने उतरवलेली आहे. हे न ओळखता लिहायला बसलो तर प्रत्येक आकडा एका घराने चुकतो.

नंतर दोन-दोन, तीन-तीन सेकंदांचा तुकडा घ्यावा आणि आधी गुणगुणावा. मी मुलांना सांगतो, जे तुम्हाला गुणगुणता येत नाही ते तुम्ही अजून ऐकलेलेच नाही. गळ्यात आले की मग वाद्यावर शोधावे. जलद जागा असेल तर गती कमी करावी. पूर्वी काही ग्रामोफोनांवर मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची सोय असे. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी त्यावर लावली की ती निम्म्या गतीने फिरे. सूर मात्र एक सप्तक खाली जात आणि गायिकेचा पुरुष होई! आज साध्या फोनवर सूर न उतरवता गती कमी करता येते. सोय मोठी झाली, पण ऐकायचे काम कानालाच आहे.

एवढे झाल्यावर शेवटची कसोटी. स्वतः लिहिले त्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवून पाहावे. मग तो कागद दुसऱ्या कोणाला द्यावा आणि आपण गप्प बसावे. त्याने वाजवलेले गाणे ओळखू आले तर लिखाण पक्के. मधेच "अरे, तसं नाही, असं" असे आपल्याला म्हणावे लागले, तर जे आपण तोंडाने सांगितले ते कागदावर लिहायचे राहिले आहे असे समजावे.

ऐकलेले लिहून ठेवण्याचे मोल आपल्याला नवे नाही. मुंबईत जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून शेकडो बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, अशा मोजक्या खुणांनी त्यांनी काम भागवले. त्यांची लिपी स्वर सांगते आणि मात्रा सांगते. बोटाची जागा सांगत नाही, कारण गळ्याला बोटे नसतात. टॅब बोटाची जागा सांगतो. स्वराचे नाव सांगत नाही. नुसत्या टॅबवर वाढलेला मुलगा आकडे पाठ करतो, पण आपण कोणता सूर वाजवतो आहोत हे त्याला ठाऊक नसते. तीच चाल दुसऱ्या पट्टीत वाजव म्हटले की तो थांबतो. म्हणून शिकवणाऱ्याने दोन्ही शेजारी शेजारी मांडावेत, वर स्वर आणि खाली आकडे. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. मोठ्या शहरात गुरू सापडतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, जुनी गिटार मिळवलेल्या मुलाला तो सापडतोच असे नाही. त्याचा गुरू म्हणजे तो कागद. त्यावर जे लिहिले असेल ते तो मान खाली घालून, बोटांना घट्टे पडेपर्यंत घोकील. कागद चुकला असेल तर त्याला ते सांगायला तिथे कोणी नसते. उलट, मूळ गाण्याशी आपले वाजवणे जुळत नाही याचा दोष तो स्वतःच्या बोटांना देईल आणि कदाचित गिटार खुंटीला टांगून ठेवील. म्हणून लिहिणाऱ्याने चार पथ्ये पाळावीत. कोणत्या ध्वनिमुद्रणावरून लिहिले ते सांगावे. तारा कशा लावल्या ते सांगावे. जिथे ऐकू आले नाही तिथे अंदाजाचा आकडा दडपून न लिहिता सरळ प्रश्नचिन्ह घालावे. प्रश्नचिन्ह पाहून शिकणारा स्वतः कान लावतो, खोटा आकडा पाहून तो कान बंद करतो. आणि गाणे कोणाचे आहे ते वर लिहावे. लिहून काढले म्हणून गाणे आपले होत नाही. ते छापून विकायचे तर मालकाची परवानगी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, गिटार नसली तरी याचा एक प्रयोग वर्गात करता येईल. पेटीच्या पट्ट्यांवर खडूने एकपासून आकडे घाला. सगळ्यांना पाठ असलेली एखादी चाल घ्या आणि मुलांना ती कानाने शोधून आकड्यांत लिहायला सांगा. मग तो कागद शेजारच्या वर्गातल्या अशा मुलाकडे द्या, की ज्याला ती चाल कोणती हे सांगितलेले नाही. तो काय वाजवतो ते सगळ्यांनी ऐकावे. जिथे चाल बिघडेल तिथे मुलांनाच विचारा, कागदावर काय कमी पडले? कोणी म्हणेल, थांबायचे कुठे ते लिहिले नाही. कोणी म्हणेल, लांबवायचे किती ते लिहिले नाही. त्यांनीच त्यासाठी खुणा शोधाव्यात आणि कागद पुन्हा लिहावा. दुसऱ्या खेपेला ते तीच चाल पहिल्यापेक्षा किती बारकाईने ऐकतात, ते तुम्हीच पाहा.